नवोदय की सैनिक शाळा : दोन्हीकडे निवड झालेल्या मुलीला कुठे पाठवावे?

मूळ प्रश्न – तासगावची आई

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात राहतो. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, मी अंगणवाडी सेविका आहे आणि आमची थोरली लेक यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाचवी उत्तीर्ण झाली. तिच्या गुरुजींनी वर्षभर शाळा सुटल्यावर थांबवून तिच्याकडून दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी करून घेतली. पलूसचे जवाहर नवोदय विद्यालय आणि साताऱ्याची सैनिक शाळा अशा दोन्ही ठिकाणी तिची निवड झाली असून, साताऱ्याच्या वैद्यकीय तपासणीतही ती पात्र ठरली आहे. पाचगणीच्या एका खासगी निवासी शाळेनेही निम्मे शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली होती. परंतु ती सवलत दरवर्षी गुण पाहून नव्याने ठरणार असल्यामुळे तो विचार आम्ही सोडून दिला.

आता प्रश्न दोघांतला आहे. नवोदयात राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च सरकार करते. नववीपासून घेतला जाणारा विकास निधीही मुलींना माफ असतो. सैनिक शाळेचे शुल्क वर्षाला लाखाच्या वर जाते. उत्पन्नानुसार राज्य शासनाची शिष्यवृत्ती मिळू शकते, पण प्रवेशाच्या वेळी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. माझ्या पतींचे म्हणणे असे की लेकीला वर्दीची ओढ आहे, तेव्हा कर्ज काढू, पण साताऱ्यालाच पाठवू. माझे मन मात्र पलूसकडे आहे. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की वर्षाची मेहनत आठवड्यात जाते, हे आम्ही सोसलेले आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शुल्क भरता आले नाही, तर मुलीला साताऱ्याहून परत आणावे लागेल आणि तोवर नवोदयाची जागाही गेलेली असेल, कारण सहावीची ती परीक्षा एकदाच देता येते. ज्यांना या दोन्ही शाळांची माहिती आहे, त्यांनी आपले मत कारणांसह सांगावे, ही विनंती.

निवृत्त सुभेदार

ताई, प्रथम मुलीचे आणि तिच्या गुरुजींचे मनापासून अभिनंदन. मी स्पष्टपणे साताऱ्याच्या बाजूने आहे.

ही देशातली पहिली सैनिक शाळा. ती २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. पुढची साठ वर्षे तिचे दार मुलींना बंद होते. २०२१-२२ पासून सहावीत मुलींना प्रवेश मिळू लागला, २०२२ मध्ये सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तिच्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आपल्या काळातल्या मुलींना जे मागायलाही सुचले नसते, ते तुमच्या लेकीने अकराव्या वर्षी स्वतःच्या गुणांवर मिळवले आहे.

प्रबोधिनीच्या निवडीत लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, म्हणजे एस.एस.बी.च्या, पाच दिवस चालणाऱ्या मुलाखतीलाही तेवढेच. त्या पाच दिवसांत उमेदवार अनोळखी मुलांमध्ये कसा बोलतो, अडचण आली की पुढे होतो की मागे सरतो, हे बारकाईने पाहिले जाते. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली आमच्या भागातली हुशार मुले तिथे गटचर्चेत तोंड न उघडल्यामुळे परत आलेली मी पाहिली आहेत. रोजची पी.टी., परेड, मैदान आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय ही सात वर्षांत अंगात मुरते, सहा महिन्यांच्या शिकवणीत ती येत नाही. राहिला पैशाचा प्रश्न. शेतकऱ्याने बागेसाठी कर्ज काढावे आणि लेकीसाठी काढू नये, हे मला पटत नाही.

नवोदयाचा माजी विद्यार्थी

सुभेदार साहेबांच्या अनुभवाचा मान ठेवून मी त्यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच असहमती नोंदवतो. बागेचे कर्ज बाग फेडते. शुल्काचे कर्जही त्याच बागेला फेडावे लागणार आहे, आणि बाग बुडाली तर दोन्ही कर्जे एकदम अंगावर येतील. याहून मोठी गोष्ट अशी की घरच्यांनी कर्ज काढून घेतलेल्या जागेवर बसलेले मूल ‘मला इथे आवडत नाही’ असे कधीच म्हणू शकत नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर एवढे ओझे ठेवू नये, असे मला कळकळीने वाटते.

नवोदयाची कल्पनाच मुळी अशा मुलांसाठी मांडली गेली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला सुरू झाली, आणि आजही किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. माझ्या वेळी आमच्या डॉर्ममध्ये ऊसतोड कामगाराचा मुलगा आणि तहसीलदारांचा मुलगा शेजारी-शेजारी झोपत असत. ताट, गादी, गणवेश सगळे एकसारखे. त्या सात वर्षांत मला कोणी माझ्या वडिलांचा व्यवसाय विचारला नाही, आणि मी आज जो काही आहे त्यात या गोष्टीचा वाटा गणितापेक्षा मोठा आहे.

वर्दीची ओढ खरी असेल, तर ती नवोदयात विझणार नाही. प्रबोधिनीची परीक्षा साडेसोळा वर्षांनंतर द्यायची असते आणि तिथे बारावी कोणत्या शाळेतून झाली हे विचारत नाहीत. दहावीनंतर तयारी करून घेणारी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे आणि आता मुलींसाठी नाशिकलाही अशी संस्था सुरू झाली आहे. सैनिक शाळेतही नववीला पुन्हा प्रवेश परीक्षा असते. उलट मुलीचे मन दोन वर्षांनी बदलले, तिला डॉक्टर किंवा शिक्षिका व्हावेसे वाटले, तर जिथे सगळ्यांचे लक्ष एकाच ध्येयाकडे आहे, तिथे तिला एकटे वाटणार नाही का?

इंग्रजीची शिक्षिका

मी ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. वरच्या प्रतिसादातला ‘नववीला पुन्हा परीक्षा असते’ हा दिलासा मला फसवा वाटतो.

सैनिक शाळेची सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, आणि या मुलीने ती बहुधा तशीच दिली असेल. नववीची परीक्षा मात्र फक्त इंग्रजीतून असते. तिथे ४०० पैकी २०० गुण एकट्या गणिताला आहेत, शिवाय विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे इंग्रजीतून. नवोदयात सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवतात आणि त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. म्हणजे ज्या वर्षी ही मुलगी त्रिकोणाला इंग्रजीत काय म्हणतात हे शिकत असेल, त्याच वर्षी तिला इंग्रजी माध्यमातल्या मुलांशी स्पर्धा करावी लागेल, आणि तीही मोजक्या रिकाम्या जागांसाठी. आठवीत अत्यंत हुशार असलेली आणि गणित अचूक समजणारी मुले केवळ प्रश्नाची भाषा न कळल्यामुळे पेपर कोरा ठेवतात, हे मी दरवर्षी पाहते, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

मातृभाषेतून शिकणे वाईट, असे मी अजिबात म्हणत नाही. पाया त्यानेच पक्का होतो. परंतु अकराव्या वर्षी पूर्ण इंग्रजी वातावरणात पडलेले मूल सहा-आठ महिने गोंधळते आणि मग सावरते, तर चौदाव्या वर्षी त्याला संकोच आडवा येतो. म्हणून नवोदय निवडायचेच असेल, तर त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी निवडावे. साताऱ्याला जाण्याआधीची प्रतीक्षालयाची खोली म्हणून नव्हे. शुल्काची सोय नातेवाइकांकडून बिनव्याजी होत असेल, तर मी सातारा सुचवेन.

वसतिगृहात वाढलेली आई

आपण सगळे बारावीनंतरचे बोलत आहात. मला सहावीतल्या पहिल्या ऑगस्टबद्दल बोलायचे आहे, कारण जूनमध्ये नवलाई असते, जुलैत पाऊस असतो आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या दिवशी मूल पहिल्यांदा मनापासून रडते.

मी सहावी ते दहावी एका निवासी शाळेत काढली. माझी पाळी तिथेच सुरू झाली. मला काय होते आहे हे सांगायला रात्री जवळ कोणी नव्हते, कारण वॉर्डनबाई संध्याकाळी सातला घरी जात असत. वरच्या वर्गातल्या एका ताईने मला सांभाळले आणि ती नसती तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. त्यामुळे माझी विनंती आहे की दोन्ही शाळांमध्ये जाऊन नुसत्या वर्गखोल्या पाहून परत येऊ नका. मुलींच्या वसतिगृहात रात्री कोणती बाई मुक्कामाला असते, ताप आला तर परिचारिका किती वेळात येते, न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का, घरी फोन करण्याची वेळ कोणती, हे विचारा. वरच्या वर्गातल्या मुलींशी त्यांचे शिक्षक जवळ नसताना बोला.

दुसरे असे की सैनिक शाळांत मुलींचे प्रमाण अजून फार थोडे आहे, कारण त्यांच्यासाठी साधारण दहा टक्के जागा ठेवल्या आहेत. नवोदयात किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात आणि बारावीपर्यंत प्रत्येक वर्गात मोठ्या ताया सापडतात. या वयात मला ही गोष्ट परेडपेक्षा महत्त्वाची वाटते. शिवाय पलूस तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. ताप आला तर तुम्ही त्याच संध्याकाळी तिच्या उशाशी असाल.

निवृत्त सुभेदार

वॉर्डनविषयी आपण लिहिलेला प्रत्येक शब्द मला मान्य आहे, आणि ही चौकशी दोन्हीकडे व्हायलाच हवी. मात्र जवळची शाळा म्हणजे सुरक्षित शाळा, हे मला मान्य नाही. तासाभरावर घर असले की पालक मुलाच्या पहिल्या रडण्यालाच त्याला परत घेऊन येतात आणि रुळण्यासाठी लागणारे तीन महिने त्याला मिळतच नाहीत. नवोदयातही नववीला ठरावीक मुलांना एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातल्या विद्यालयात पाठवले जाते. पलूस जवळ आहे म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी त्या वर्षाचीही मनाची तयारी आधीच ठेवावी.

नवोदयाचा माजी विद्यार्थी

त्या वर्षी मी स्वतः गेलो होतो. पहिले पंधरा दिवस पोळी-भाताच्या चवीवरून डोळ्यांत पाणी येत असे. वर्षाअखेरीस परत यायची इच्छा नव्हती. पण साहेबांचे म्हणणे योग्य आहे, ही गोष्ट पालकांना प्रवेशाआधी माहीत असलीच पाहिजे. शिक्षिकाबाईंचा नववीच्या परीक्षेबद्दलचा मुद्दाही मी मान्य करतो. माझे ते वाक्य मी मागे घेतो.

तासगावची आई

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल ऋणी आहे. गेल्या आठवड्यात आम्ही तिघे दोन्ही ठिकाणी जाऊन आलो आणि वर सुचवलेले सगळे प्रश्न विचारले. उत्तरे दोन्हीकडे समाधानकारक मिळाली. साताऱ्याचे मैदान पाहून लेक जे धावत सुटली, ते पाहून माझाही निश्चय डळमळला.

परत येताना एसटीत तिची वही माझ्या हातात आली. तिने वर्षाच्या शुल्काला साताने गुणले होते आणि त्याखाली गेल्या हंगामात आमच्या द्राक्षांना मिळालेला किलोचा भाव लिहून भागाकार केला होता. आमच्या बोलण्यातून तिने हे आकडे कधी उचलले, ते आम्हाला कळलेच नव्हते. मी ती वही तिच्या वडिलांना दाखवली. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि घरी आल्यावर म्हणाले की पलूसची कागदपत्रे काढ.

सुभेदार साहेब, आपला रोष होऊ नये. तिला वर्दीचे वेड आहेच. सकाळी पळण्याची सवय तिने तिथेही सोडू नये, याकडे तिचे वडील लक्ष देणार आहेत. शिक्षिकाबाई, आपल्या प्रतिसादातली आठवीतल्या कोऱ्या पेपरची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. शाळा सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. तोवर घरी काय करून घेता येईल?

इंग्रजीची शिक्षिका

सहावीच्या गणिताचे एन.सी.ई.आर.टी.चे इंग्रजी पुस्तक आणि आपले मराठी पुस्तक शेजारी-शेजारी ठेवा. रोज फक्त पाच उदाहरणे घ्या. आधी तिला इंग्रजी प्रश्न मोठ्याने वाचू द्या, मग त्यात काय विचारले आहे ते मराठीत सांगू द्या, आणि त्यानंतरच ते सोडवू द्या. अडलेल्या शब्दांची एक छोटी वही करा आणि ती पलूसला तिच्या पेटीत द्या. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली की त्या वहीत किती पाने भरली ते पाहा. ती भरत राहिली, तर आठवीची चिंता करू नका. शुल्काचा भागाकार ज्या वहीत आहे, तीच वही यासाठी वापरली तरी चालेल, तिच्यात पाने उरली असतील.