टनेल लावून घरी चालवलेला क्लाउड खरंच आपला असतो का?

मूळ धागा
महिना झाला, जुन्या डेस्कटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या मशीनवर चालणारं गूगल ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर) चालवतोय. अ‍ॅप, डेटाबेस, रेडिस (वेग वाढवणारी तात्पुरती साठवण) आणि चौथा कंटेनर क्लाउडफ्लेअर टनेलचा, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरच्या मशीनपर्यंत पोचायचा मार्ग. आमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता) असल्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे राउटरवर बाहेरून आत यायची वाट उघडण्याचा, मार्गच बंद होता. टनेल आतून बाहेर जोडणी करतो, राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागला नाही. माझं ठाम मत आहे, घरचे फोटो आणि कागदपत्रं परक्याच्या हवाली करायची आता गरज नाही.

प्रतिसाद 1
सेटअप छान, पण मत पटत नाही. या टनेलमध्ये एचटीटीपीएस क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उलगडतं आणि पुन्हा एन्क्रिप्ट होऊन तुमच्याकडे येतं. डिस्क तुमची, पण वाटेत फाइल त्यांना वाचता येते. मग परक्याच्या हवाली नाही असं कसं म्हणायचं? त्यात मोफत प्लॅनवर एका रिक्वेस्टला 100 एमबीची मर्यादा. नेक्स्टक्लाउडचं डेस्कटॉप अ‍ॅप तुकडे करून पाठवतं म्हणून तुम्हाला जाणवलं नसेल. वायरगार्ड (एक व्हीपीएन, म्हणजे आपल्याच मशीनमधला एन्क्रिप्टेड खासगी मार्ग) घ्या. सीजीनॅटमुळे मधे छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) लागेल, पण नीट मांडणी केली तर त्याला आतलं काही वाचता येणार नाही.

धागाकर्ता
वाटेत वाचता येतं, हे मान्य. पण आईच्या फोनवर व्हीपीएन चालू आहे की नाही हे रोज कोण बघणार? तिने लिंक दाबली की फोटो दिसलाच पाहिजे, नाहीतर ती हे वापरणारच नाही.

प्रतिसाद 2
टनेलवर एवढा वाद, आणि बॅकअपबद्दल अवाक्षर नाही! मी एकदा कंटेनर बंद करताना 'डॉकर कंपोज डाउन'पुढे '-व्ही' लावलं. नेम्ड व्हॉल्यूम (डॉकरने डेटाबेस साठवलेली जागा) क्षणात गेला. फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या म्हणून वाचल्या. डेटाबेसमधलं कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, कुणाला काय शेअर केलं होतं ते, सगळं गेलं. बायकोचे सहा वर्षांचे कॉन्टॅक्ट होते त्यात. रेडने (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवण्याची सोय) यातलं काहीच वाचवता येत नाही, पुसलेलं दोन्ही डिस्कवर पुसलं जातं. आणि 'लेटेस्ट' टॅग (आवृत्तीचा आकडा न देता सर्वात नवी घेणारा) वापरत असाल तर आजच काढा. नेक्स्टक्लाउडला मोठी आवृत्ती एकेकच चढता येते, मधली गाळता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही.

धागाकर्ता
आत्ताच कंपोज फाइल (कंटेनरची मांडणी लिहिलेली) उघडून पाहिली. टॅग 'लेटेस्ट'च आहे आणि डेटाबेसचा एकही डंप (बॅकअपची प्रत) नाही. मेन्टेनन्स मोड लावून (वापर तात्पुरता थांबवून) डंप घेतोय, तो दुसऱ्या डिस्कवर जाईल. टनेल मात्र ठेवणार.

प्रतिसाद 1
ठेवा, पण पॅन आणि बँकेची कागदपत्रं त्यावर चढवण्याआधी स्वतः एन्क्रिप्ट करा. आणि तो डंप एकदा रिकाम्या कंटेनरमध्ये रिस्टोअर करून बघा.