भाडेकरूचा फॉर्म आणि १८० दिवस

डिचोलीकर: वरच्या खोलीत बेळगावचा एक पोरगा ठेवलाय, वेल्डिंगची कामं करतो. पडताळणीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स, फोटो घेऊन पोलीस ठाण्यात दोन खेपा झाल्या. शेजारी म्हणतात, कटकट कशाला? २००९ ची नरकचतुर्दशीची आदली संध्याकाळ मी मेव्हण्याकडे मडगावात होतो. अख्खा गाव नरकासुर बघायला बाहेर, आणि स्कूटरवर स्फोट! दोघे मेले. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, कडकच हवा. कर नाही त्याला डर कशाला?

फोंड्याची बाय: बाब, त्याच खटल्याचं पुढचं सांगा की. तपास एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेकडे गेला, यूएपीए लागला, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला सहाही आरोपी निर्दोष सुटले. कडक कायदा होता ना? मग? या कायद्याचं कलम ४३-डी बघा. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. कोर्टाने मुदत वाढवली तर दोषारोपपत्र द्यायला पोलिसांना १८० दिवस, तोवर माणूस आत. तुमचा वेल्डर चुकून उचलला गेला तर सहा महिने त्याचं गिऱ्हाईक थांबणार काय? आणि २०१९ पासून संघटनाच नव्हे, एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करता येतं, तेही खटल्याच्या आधी.

डिचोलीकर: सुटले म्हणजे पुरावा कमी पडला. त्यात दोष तपासाचा, कायद्याचा नव्हे.

फोंड्याची बाय: तेच तर मी म्हणते! तपास ढिला, तर कायदा कडक करून काय होणार?

पेडण्याचा मास्तर: आमचे आजोबा सांगायचे, पोर्तुगीज अमलात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापायची. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले ते याच बंदीविरुद्ध, आणि पकडले गेले.

डिचोलीकर: मास्तर, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आणि आपण मतं देऊन निवडलेलं सरकार एका तागडीत घालू नका.

पेडण्याचा मास्तर: घालत नाही. पण जमावबंदीचं जुनं कलम १४४, आता नव्या फौजदारी संहितेत १६३. वैध मतप्रदर्शन दडपायला ते वापरू नये, इंटरनेट बेमुदत बंद ठेवू नये, हे सुप्रीम कोर्टाला २०२० मध्ये काश्मीरच्या निकालात सांगावं लागलंच ना?

डिचोलीकर: काश्मीर वेगळं. इथे सीझनला बाहेरून किती माणसं येतात, माहीत आहे? फॉर्म मी भरणारच.

फोंड्याची बाय: भरा हो, फॉर्मला कोण नको म्हणतंय? पोच घेतलीत काय?

डिचोलीकर: पोच कसली? शिपायाने घेतला आणि फायलीत ठेवला.