मदत हवी आहे: योनाच्या नाटकासाठी काळं, खरखरीत कापड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमच्या संडे स्कूलची मुलं बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं नाटक करणार आहेत. नगराचा नाश होणार, हा योनाचा संदेश ऐकून निनवे नगराचा राजा सिंहासनावरून उठतो, राजवस्त्र उतरवून गोणताट (शोकाचं खरखरीत कापड) पांघरतो आणि राखेत बसतो. त्याच्या फर्मानाने गुराढोरांवरही गोणताट चढतं. एवढ्या मोठ्या नगराचा पश्चात्ताप मुलांनी मनापासून उभा करावा, अशी फार इच्छा आहे.

अडचण कापडाची. नाटकात सहसा तागाचं पोतं फाडून वापरतात, पण बायबलच्या काळातलं गोणताट बहुधा शेळीच्या काळ्या केसांचं असे. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात सूर्य केसांच्या गोणताटासारखा काळा होतो, तो त्यामुळेच. पिवळट पोत्यात तो शोक दिसत नाही.

शेळीच्या केसांचं जाडंभरडं कापड महाराष्ट्रात कोणी विणतं का? कच्छच्या खरड (जाड सतरंज्या) विणकरांकडून कोणी मागवलंय का? नाहीच मिळालं, तर जुन्या काळ्या घोंगड्याही चालतील. मुलांना टोचू नये म्हणून आतून अस्तर कसलं लावावं? बायबलमधल्या याकोबाने मुलगा योसेफासाठी शोक करताना गोणताट कमरेला गुंडाळलं होतं, म्हणून तसंच नेसवायचा विचार आहे. आठ-दहा तुकडे लागतील. किमतीचा अंदाजही कळवा.