स्वस्त अमर्याद डेटासाठी नंबर पोर्ट करावा का?

इंदिरानगरकर

आमच्या घरी चार मोबाइल आहेत आणि चारही एकाच कंपनीचे आहेत. पुढच्या महिन्यात चौघांचेही वार्षिक रिचार्ज संपत असल्यामुळे, नंबर तेच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जावे की नाही, यावर घरात रोज खल चालू आहे. मी जाण्याच्या बाजूने आहे. कारणे मांडतो, विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतराने दर वाढवले. जिओ आणि एअरटेल या दोघांचाही 2999 रुपयांचा वार्षिक प्लॅन 3599 रुपयांचा झाला आणि व्होडाफोन आयडियाचा 2899 वरून 3499 वर गेला. माणशी 600 म्हणजे आमच्यासारख्या घराला वर्षाकाठी 2400 रुपयांचा जादा भुर्दंड. त्याच सुमारास बीएसएनएल 2399 रुपयांत 395 दिवस रोज 2 जीबी देत होती. दिवसाचा हिशेब केला, तर एकीकडे जवळजवळ दहा रुपये पडत होते आणि दुसरीकडे सहा. प्लॅन अधूनमधून बदलतात, त्यामुळे रिचार्जच्या दिवशी हा हिशेब प्रत्येकाने नव्याने मांडावा. पण तो मांडलाच नाही तर कंपनी सांगेल ती किंमत आपण भरत राहतो.

नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर 2010 मध्ये हरियाणात सुरू झाली, 20 जानेवारी 2011 पासून ती देशभर आली आणि जुलै 2015 पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. त्याआधी कंपनी बदलायची म्हणजे बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांना नवा नंबर कळवत फिरावे लागे. आता 1900 वर एक एसएमएस पाठवला की आठ अक्षरी कोड येतो, तो नव्या कंपनीला दिला की त्याच सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या एकाच सेवा विभागात, तीन कामकाजाच्या दिवसांत काम होते. इतके सोपे असूनही आपण ‘जाऊ दे, कशाला उगाच’ म्हणून बसतो आणि कंपन्यांना नेमके हेच माहीत असते. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहिल्याबद्दल प्रीपेड ग्राहकाला दमडीची सवलत मिळत नाही. दरवाढीनंतर जुलै 2024 या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे 29 लाखांनी वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले, हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचेच आकडे आहेत. सामान्य ग्राहकाला आपली नाराजी कंपनीच्या ताळेबंदापर्यंत पोहोचवण्याचा याहून दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

दिंडोरीचा बागाईतदार

साफ असहमत. आपण जुलै 2024 चा आकडा दिलात, पण त्याच ट्रायच्या अहवालांत नोव्हेंबर 2024 मध्ये बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा कमी झालेले दिसतात, तेही सांगायला हवे होते. गेलेल्या लोकांपैकी बरेच जण का टिकले नाहीत, याचे उत्तर शहरात बसून मिळणार नाही.

आमच्या बागेतल्या विहिरीवर मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे. थ्री फेज लाइट रात्री येते, तेव्हा घरून त्या स्टार्टरच्या नंबरवर फोन लावायचा आणि मोटार सुरू करायची. पाणी सोडायला अंधारात बांधावरून जावे लागत नाही. त्या डब्यात जे सिम असते ते बहुतेक स्टार्टरमध्ये टूजीवर, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कवर चालते, आणि जिओकडे टूजी नाहीच. आमच्या शिवारातील एकाने घरातले सगळे नंबर एकगठ्ठा पोर्ट केले, त्यात स्टार्टरचाही गेला आणि नवे सिम डब्यात घातल्यावर ते नेटवर्कच पकडेना. त्यांना स्टार्टरसाठी दुसऱ्या कंपनीचे नवे सिम घ्यावे लागले आणि तोवर मोटार चालू-बंद करायला रात्री खेपा माराव्या लागल्या त्या वेगळ्याच.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्याची. द्राक्षे काढणीला आली की व्यापारी एका वेळी तीन-चार बागाईतदारांना फोन लावतो आणि ज्याचा लागतो त्याचा सौदा आधी करतो. अशा वेळी रोजचे चार रुपये वाचवणारे सिम जर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असेल, तर ती बचत किती महागात पडते हे आम्हालाच ठाऊक. लाइट गेल्यावर कोणत्या कंपनीचा टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरतो, हेसुद्धा आमच्याकडे प्लॅनच्या किमतीइतकेच बघावे लागते. आपल्या इंदिरानगरात तो प्रश्न क्वचितच येत असेल.

सिडकोची गृहिणी

मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटले. धागा सुरू करणाऱ्या इंदिरानगरकरांनी चार जणांचा हिशेब मांडला, परंतु चौघांना रोज 2 जीबी डेटा लागतो का, हे पाहिलेलेच दिसत नाही. घरी वायफाय असेल तर मोबाइलचा डेटा फक्त बाहेर पडल्यावर वापरला जातो. फोनच्या सेटिंग्जमध्ये महिन्याचा वापर दिसतो. तो एकदा उघडून पाहावा.

आमचे सासरे फोनवर केवळ बोलतात. त्यांच्यासारख्यांसाठी ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना आदेश दिला की डेटा नसलेले, केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही ठेवावेत. त्यानुसार जानेवारी 2025 मध्ये असे प्लॅन आले आणि एअरटेलचा 365 दिवसांचा प्लॅन 1849 रुपयांना मिळू लागला. तुमच्या 3599 रुपयांशी तुलना केली तर फरक 1750 रुपयांचा पडतो. पोर्ट करून 2399 च्या प्लॅनवर गेल्यास 1200 रुपये वाचतात. म्हणजे घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत कंपनी न बदलता जास्त बचत होते. हे प्लॅन दुकानात कोणी आपणहून दाखवत नाही, ॲपमध्येही शोधावे लागतात. आधी प्लॅन बदलावा आणि तरीही परवडत नसेल तरच कंपनी बदलावी, असे माझे मत आहे.

कॉलेज रोडचा विद्यार्थी

आम्हा खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या खोलीवर वायफाय नसते. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवावा लागतो. जिओ आणि एअरटेल यांनी जुलै 2024 पासून अमर्याद फाइव्हजी फक्त रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर ठेवले आहे. त्यामुळे आम्ही तो प्लॅन घेतो आणि प्रत्यक्षात वापर रोज 2 जीबीच्या कितीतरी पुढे जातो. स्वस्त फोरजी प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की वेग 64 केबीपीएस किंवा त्याहूनही खाली येतो आणि त्यावर व्याख्यानाचा व्हिडिओ सोडा, साधे चित्रही उघडत नाही. दिवसाला सहा रुपयांचा हिशेब आमच्या कामाचा नाही.

निवृत्त दूरसंचार अभियंता

या विषयात आयुष्य गेले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. माझा कल बागाईतदार साहेबांच्या बाजूने आहे, मात्र त्यांच्या कारणांशी मी पूर्ण सहमत नाही.

प्रथम रेंजविषयी. फोनवर दिसणाऱ्या काड्या सिग्नलची ताकद दाखवतात. त्या टॉवरवर आपल्यासाठी जागा शिल्लक आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. एका टॉवरच्या एका दिशेला जी क्षमता असते ती त्या वेळी जोडलेल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते, म्हणून दुपारी पळणारे नेट रात्री नऊला रडत चालते. रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी सगळ्या काड्या भरलेल्या असूनही संदेश जात नाही, त्याचे कारण हेच, आणि 2026-27 च्या सिंहस्थात नाशिककरांना याचा अनुभव पुन्हा येणार आहे. तात्पुरते टॉवर उभारून कंपन्या तो ताण काही प्रमाणात कमी करतात, पण घाटावरच्या गर्दीसमोर कोणताही प्लॅन, स्वस्त असो वा महाग, सारखाच हतबल असतो.

दुसरे असे, की 700 ते 900 मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि आरसीसीच्या भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. 2300 किंवा 3500 मेगाहर्ट्‌झच्या लहरींमधून वेग जास्त मिळतो, पण त्या लवकर अडतात. एकाच इमारतीत रस्त्याकडच्या गॅलरीत उत्तम नेट आणि मागच्या खोलीत शुकशुकाट, असा प्रकार होतो तो यामुळे. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगराळ पट्ट्यात तर एका टेकडीने दोन वाड्यांमधला फरक पडतो. म्हणून ‘अमुक कंपनी नाशिकमध्ये चांगली आहे’ या वाक्याला माझ्या लेखी काहीही अर्थ नाही. आपले घर, आपले कामाचे ठिकाण आणि त्यामधला रस्ता एवढेच तपासावे. ट्रायच्या नियमांमुळे कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो पाहावा, मात्र नकाशात मागची खोली दिसत नाही, हे लक्षात असू द्यावे.

बीएसएनएलविषयी 2024 चा अनुभव आज जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. 27 सप्टेंबर 2025 रोजी तिच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचे देशभरात उद्घाटन झाले, त्यात 97 हजारांहून अधिक टॉवर आहेत आणि यंत्रणा सी-डॉट, तेजस आणि टीसीएस या भारतीय संस्थांनी मिळून उभी केली आहे. जाळे सुधारले असेल तर ते आपल्या गल्लीत सुधारले आहे का, एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. ज्या कंपनीकडे जायचे तिचे एक साधे सिम घेऊन महिनाभर दुसऱ्या खाचेत वापरावे आणि मगच जुना नंबर हलवावा.

पंचवटीचा रिचार्जवाला

अभियंता साहेबांचा सल्ला उत्तम असला तरी दुकानात येणारा माणूस एका सिमचे पैसे कसेबसे देतो, दुसऱ्याचे कुठून देणार? माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूचे आहे. गिऱ्हाइकाने जागा बदलत राहिले तरच कंपन्या ताळ्यावर येतात. मात्र लोक पोर्ट करताना घाई करतात, त्याबद्दल लिहितो.

पोर्ट झाल्यावर जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडते, ते नव्या कंपनीत जात नाहीत. त्यामुळे वैधता संपण्याच्या तोंडावरच अर्ज करावा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर थकबाकी भरलेली हवी. सिम हरवून त्याच नंबरचे नवे घेतले असेल, तर 1 जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार पुढचे सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. लहान रिचार्जवर एसएमएसची सोय नाही म्हणून पोर्ट अडते, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पोर्टचा एसएमएस सर्वांना पाठवता आला पाहिजे, असे ट्रायने डिसेंबर 2021 मध्येच बजावले आहे.

आणि मेळा स्टँडपासून बिटको चौकापर्यंत छत्री लावून बसणाऱ्यांकडे ‘पोर्ट करा, पहिला महिना फुकट’ ऐकून अंगठा देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. काही जण ‘मशीनने घेतला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा अंगठा घेतात आणि त्यावर वेगळेच सिम चालू करतात. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते, एकदा अवश्य पाहा.

कंपनी बदलायची नसेल, त्यांनी निदान 28 दिवसांचे रिचार्ज सोडावे. जुलै 2024 च्या दरांत जिओचा रोज 1.5 जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 रुपयांना आणि 84 दिवसांचा 799 रुपयांना होता. तीनदा 299 भरणारा 897 देतो. हे शंभरेक रुपये लोक दर तीन महिन्यांनी सोडून देतात आणि माझ्याकडे येऊन महागाईवर बोलतात.

इंदिरानगरकर

सर्वांचे आभार. गृहिणी ताईंचा मुद्दा वडिलांच्या नंबरला लागू पडेल असे वाटले होते, पण ते रोज देवळाबाहेरच्या फुलवाल्याला आणि भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात, त्यामुळे डेटा नसलेला प्लॅन त्यांना चालणार नाही.

बागाईतदार साहेब, स्टार्टरचे आपले म्हणणे रास्त आहे आणि तसा नंबर कोणी हलवूही नये. परंतु एका स्टार्टरच्या सिमसाठी घरातील बाकीच्या नंबरांवर वर्षाला हजार-बाराशे जास्त मोजणे, हे मला समजत नाही. व्यापाऱ्याचा फोन ज्या नंबरवर येतो तो ठेवा, मुलांचे नंबर हलवा. सगळ्यांनीच रेंजचे कारण पुढे करून जागा सोडली नाही, तर पुढची दरवाढ कंपन्या कोणाला भिऊन थांबवणार आहेत?

दिंडोरीचा बागाईतदार

दरवाढ कोणाला भिऊन थांबत नसते, साहेब. तिन्ही खासगी कंपन्या एकाच आठवड्यात दर वाढवतात, तेव्हा एकीकडून दुसरीकडे गेलेला ग्राहक त्यांच्या एकत्रित खिशातून बाहेर पडतच नाही. चौथा पर्याय चांगला असेल तरच तुमच्या पोर्टला वजन आहे, आणि तो चौथा पर्याय माझ्या शिवारात अजून चांगला नाही. होईल तेव्हा मीही जाईन. तोपर्यंत मुलांचेही नंबर हलवणार नाही, कारण मोठा मुलगा पिंपळगावच्या बाजार समितीत माल घेऊन जातो आणि वाटेत त्याचा फोन लागावा लागतो.

पंचवटीचा रिचार्जवाला

धागाकर्त्यांना एकच सांगणे राहिले. चारही नंबर एका दिवशी पोर्टला टाकू नका. बदलाच्या वेळी जुने सिम बंद पडून नवे चालू होईपर्यंत काही तास जाऊ शकतात, आणि नवे सिम घातल्यावर यूपीआय ॲप नंबर पुन्हा तपासते, त्यासाठी त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. बँकेशी जोडलेला नंबर सर्वांत शेवटी हलवा. वडिलांचाही शेवटीच ठेवा, म्हणजे फुलवाल्यासमोर त्यांची अडचण होणार नाही.