सॉकेटमध्ये दोन मेसेज चिकटून येतात, मदत हवी आहे

पायथनमध्ये सॉकेट (नेटवर्कवरून दोन प्रोग्राम जोडणारं टोक) शिकतोय. १२७.०.०.१ वर (म्हणजे माझ्याच मशीनवर), पोर्ट ५००० धरून छोटा सर्व्हर चालवलाय, टीसीपी (डेटा क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल) वापरून. बाइंड (पत्ता-पोर्ट ठरवणं), लिसन (जोडणीची वाट पाहणं), अ‍ॅक्सेप्ट (आलेली जोडणी स्वीकारणं) इथपर्यंत सगळं सुरळीत. पण क्लायंटने लागोपाठ दोनदा सेंड केलं (आधी 'हॅलो', मग 'कसे आहात'), की सर्व्हरला कधीकधी एकाच रिसीव्हमध्ये 'हॅलोकसे आहात' असं सलग मिळतं. टीसीपी म्हणजे नुसता बाइट्सचा प्रवाह, मेसेज कुठे संपला हे त्याला ठाऊक नसतं, एवढं वाचलंय. मग हद्द कशी आखायची? शेवटी नवी ओळ टाकू, की आधी ४ बाइट्समध्ये लांबी पाठवू? आणि मेसेज अर्धाच आला तर? (यूडीपी, म्हणजे प्रत्येक मेसेज सुटा पाठवणारा दुसरा प्रोटोकॉल, वापर म्हणू नका, मला हेच समजून घ्यायचंय.)

अजून एक: अ‍ॅक्सेप्ट दर वेळी नवा सॉकेट देतं, तरी सर्व्हरचा पोर्ट ५०००च दिसतो. मग कुठला डेटा कुणाचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम कशावरून ओळखते?