मंदीत सरकारचा पहिला रुपया कुणाच्या हातात पडावा?

जमाखर्च
आधी माझा मुद्दा मांडतो, ज्याला खोडायचा त्यानं खुशाल खोडावा. मंदी खोल असेल तर सरकारचा पहिला रुपया कामं काढून दिलेल्या मजुरीतून गेला पाहिजे. व्याजकपात, कर्जहमी, उद्योगांना करसवलत हे सगळं त्याच्या मागनं.

साध्या मंदीत धंदा मंदावतो, पण चार महिन्यांनी गाडी रुळावर येईल असा भरवसा असतो. म्हणून व्याज उतरलं की माणूस कर्ज काढायला पुढं येतो. खोल मंदीत तो भरवसाच जातो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याला, कर्ज दोन टक्क्यांनी स्वस्त झालं म्हणून ती जादा कास्टिंग (ओतीव भाग) ओतत नाही. ट्रकच खपत नसतील तर ब्रेक ड्रम ओतायचे कुणासाठी? ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ एवढ्या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना कर्ज देते तो दर) ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला, सीआरआर (बँकांनी तिच्याकडं ठेवायचा ठेवींचा हिस्सा) ९ वरून ५ टक्क्यांवर. पैसा बँकांत लगेच आला, पण ऑर्डर काही व्याजदराच्या हुकमानं येत नाही.

आणि मजुरी थांबल्यावर समाजाचं काय होतं ते जर्मनीत दिसलं. १९३० ते १९३२ या काळात चान्सलर ब्रूनिंगनं अंदाजपत्रक जुळवण्यासाठी वटहुकूम काढून पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाखांवर गेले. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३. एवढ्या एकाच कारणानं हिटलर आला असं मी म्हणत नाही. पण हाताला काम नसलेला तरुण आणि "खर्च कमी करा" एवढंच सांगणारं सरकार, ही जोडी फार महागात पडते.

ओतकाम
जमाखर्च साहेब, निदान बरोबर, औषध चुकलं. फाउंड्री म्हणजे दुकानाचं शटर नाही, की आज ओढलं आणि सहा महिन्यांनी वर केलं. इंडक्शन भट्टीचं (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचं) आतलं अस्तर सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचं असतं. भट्टी पूर्ण थंड झाली की त्याला भेगा जातात. परत चालू करायची तर अस्तर काढा, नवं ठोका, सिंटरिंग करा (तापवून घट्ट करा), आणि थंड भट्टीची पहिली हीट (वितळवणीची फेरी) नेहमीपेक्षा जास्त वीज खाते ती वेगळीच. एरवी टनाला साधारण ६०० युनिट लागतात. वर डिमांड चार्जेस. वीज वापरा न वापरा, करार मागणीच्या ठराविक टक्क्यांवर तो आकार लागतोच. महिन्याला २०० टनांचं ओतकाम ६० टनांवर आलं की हाच आकार तिप्पट होऊन प्रत्येक किलोवर बसतो.

पण कारखाना खरा मरतो तो कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे साठा आणि येणी बघून बँक देते त्या खेळत्या कर्जात. हे आकड्यानं सांगतो. साठा ४० लाख, येणी ६० लाख, देणी २० लाख. म्हणजे ८० लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन (मालकाचा स्वतःचा वाटा) धरलं तर ६० लाखांची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल घ्यायची मर्यादा. मंदी आली. मोठ्या खरेदीदारानं पैसे अडकवले, ३० लाखांची येणी ९० दिवसांपुढं गेली. ती बँक धरत नाही. आता हिशेब ५० लाखांचा, ड्रॉइंग पॉवर साडेसदतीस. मालकानं एक रुपया उधळला नाही, तरी साडेबावीस लाखांची मर्यादा गेली, आणि तीही नेमकी गरजेच्या महिन्यात. खातं मर्यादेबाहेर राहिलं की ३० दिवसांनंतर एसएमए-१, ६० नंतर एसएमए-२ (बँकेचे धोक्याचे शेरे), ९० झाले की एनपीए, म्हणजे थकीत खातं. तिथून पुढं नवं कर्ज विसरा.

ही कात्री सोडवायला कर्जहमीच लागते. २०२० मध्ये ३ लाख कोटींची हमी आली ती यासाठीच: अंगावरच्या कर्जाच्या २० टक्के नवं कर्ज, बँकांना व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, मुद्दल वर्षभर मागायचं नाही, तारण जादा नाही. कारखानाच बंद पडला तर तुम्ही ज्याच्या हातात मजुरी द्यायची म्हणता तो मोल्डर (साचे घडवणारा कामगार) परत येणार कुठं?

खर्चीवाला
ओतकाम दादा, तुमचा हिशेब मान्य, पण तो तुमच्यापुरता आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला अंगावर जेवढं कर्ज त्याच्या २० टक्के. ज्याच्या नावावर बँकेचं कर्जच नव्हतं, त्याला २० टक्के कशाचे?

इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक बघा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याचे फक्त माग आणि मजुरी. मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, पैशात ठरते. मंदीत व्यापारी आधी बीम (मागावर चढवायचा सुताचा रूळ) द्यायचं थांबवतो, मग पिकामागं पैसे कमी करतो. याच्याकडं साठा नाही, फारशी येणी नाहीत, म्हणजे ड्रॉइंग पॉवरचा प्रश्नच येत नाही. बँकेच्या लेखी हा माणूस नाहीच. तो जातो पतसंस्थेत, तिथून सोनं घेऊन तारणाला, तिथून मायक्रोफायनान्सच्या गटात, आणि शेवटी माग भंगारात. एकदा माग किलोवर विकला गेला की कुठलीच हमी तो परत उभा करत नाही. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, माग दुरुस्त करणारे जॉबर, ताण्याचे धागे ओवणारे वहिफणीवाले तर त्याच्याही खाली.

म्हणून माझं मत जमाखर्चच्या बाजूनं. पैसा खालून घाला. वरनं घातलेला खाली झिरपेपर्यंत इथं हंगाम संपतो.

तिजोरी
दोघांनी खर्च कुठं करायचा ते सांगितलं. थांबवायचा कधी आणि कसा, हे कुणीच सांगितलं नाही. माझा विरोध तिथं आहे.

जपानचं उदाहरण घ्या, कारण ते यशाचं आहे. डिसेंबर १९३१ मध्ये ताकाहाशी कोरेकियो अर्थमंत्री झाले, जपान सुवर्णमानकातून (चलन सोन्याला बांधायच्या पद्धतीतून) बाहेर पडलं, सरकारनं केंद्रीय बँकेकडून पैसा घेऊन खर्च केला. जपान इतरांच्या आधी मंदीतून वर आलं. पुढं त्यांनी लष्कराचा खर्च आवरायला घेतला, आणि २६ फेब्रुवारी १९३६ ला बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना घरात घुसून मारलं. सुरू केलेला खर्च ज्याच्या पदरात पडतो, तो सोडत नाही.

आपल्याकडंही तेच झालं, रक्त न सांडता. २००८-०९ मध्ये उत्पादन शुल्क कापलं, खर्च वाढवला, तूट ६ टक्क्यांवर गेली. संकट ओसरल्यावर सवलती वेळेत मागं घेतल्या नाहीत, आणि पुढची चार-पाच वर्षं महागाईनं पगारदार आणि मजूर दोघांनाही पिळलं. त्याच काळात सढळ हातानं वाटलेली कर्जं पुढं बुडाली. मार्च २०१८ मध्ये बँकांचं ढोबळ एनपीए ११ टक्क्यांवर होतं.

घाईत आखलेल्या योजनेचं काय होतं हे कोल्हापूर जिल्ह्याला तरी सांगायला नको. २००८ ची शेतकरी कर्जमाफी. इथं पीक कर्जाच्या मंजूर मर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिलं गेलं होतं असा आक्षेप निघाला, आणि आधी दिलेली ११२ कोटींची माफी अपात्र ठरवून परत घेतली गेली. शेतकऱ्याच्या खात्यावर परत कर्ज चढलं, वाद कोर्टात गेला. मदत दिली यापेक्षा देऊन काढून घेतली याचा राग जास्त टिकतो.

शिवाय राज्य सरकार नोटा छापत नाही. राज्याला सकल उत्पन्नाच्या साधारण ३ टक्क्यांपर्यंतच कर्ज काढता येतं. २०२० मध्ये केंद्रानं ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, पण जादा दोन टक्क्यांपैकी बराचसा भाग अटींवर. मंदीत जीएसटी आटतो, मुद्रांक शुल्क आटतं, पगार आणि पेन्शन मात्र तेवढंच राहतं. मजुरीचा पहिला रुपया आणायचा कुठून, जमाखर्च?

जमाखर्च
तिजोरी, प्रश्न रास्त आहे. उत्तर महाराष्ट्रानंच देऊन ठेवलंय. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर वाढली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचा, तेवढीच रक्कम राज्यानं आपल्याकडून घालायची. म्हणजे ज्याची नोकरी शाबूत आहे तो, ज्याची गेली त्याला पोसतो.

थांबवायचं कसं, तेही त्यातच आहे. मजुरी बाजारभावापेक्षा जास्त ठेवायची नाही आणि काम अंगमेहनतीचं. बाहेर काम मिळायला लागलं की माणूस आपोआप निघून जातो, खर्च आपोआप उतरतो. मागं घ्यायला वटहुकूम लागत नाही. करसवलत आणि कर्जमाफीत ही सोय नाही.

आणि लवकर थांबवण्याचाही धोका आहे. अमेरिकेत १९३३ ला चारातला एक कामगार बेकार होता. १९३७ पर्यंत ते प्रमाण साधारण १४ टक्क्यांपर्यंत उतरलं. मग सरकारनं खर्च आखडला, मध्यवर्ती बँकेनं ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ मध्ये बँकांच्या राखीव निधीचं बंधन दुप्पट केलं. वर्षभरात बेकारी पुन्हा १९ टक्क्यांच्या घरात.

तिजोरी
व्यवसाय कराचा दाखला अर्धा आहे. घटनेच्या कलम २७६ नं त्यावर माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली, ती १९८८ पासून तीच आहे. पगार कुठल्या कुठं गेले, कर तिथंच. खोल मंदीत तेवढ्यानं भागणार नाही.

दुसरं, रोजगार हमी ग्रामीण भागाची. बांध, नाला, रस्ता, विहीर. मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४०. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला किंवा साच्याच्या आतला कोअर बनवणारा खडी फोडायला जाईल असं गृहीत धरता? शहरासाठी राजस्थाननं २०२२ मध्ये योजना आणली, केरळनं २०१० मध्ये. महाराष्ट्रात शहरी हमी नाही. आधी ती तरतूद करा, मग पहिल्या रुपयाचं बोलू. मंदी आल्यावर कायदा करायला घेतला तर हजेरीचं मस्टर निघेपर्यंत वर्ष जातं.

गंगावेस
सगळे सरकारच्या खर्चावर अडलेत. घरातल्या पैशाचं कुणीच बोललं नाही. अमेरिकेत १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बुडाल्या. मागणी आटण्याचं मोठं कारण तेच, कारण ठेव बुडाली की चांगला पगारदारही हात आखडतो. ठेवींचा विमा १९३३ मध्ये आला आणि बँकांवरची झुंबड थांबली. आपल्याकडं तो १९६२ पासून आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखाची मर्यादा ५ लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम द्यायची.

पण हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात पेन्शन, दुधाचं बिल, उसाचं बिल, भिशीचा पैसा, सगळं पतसंस्थेत. "बँक" समजून ठेवणारी कितीतरी घरं आहेत. मंदीत पतसंस्थेचा कर्जदार, म्हणजे तोच खर्चीवाला, हप्ता चुकवतो आणि ठेवीदार रांगेत उभा राहतो. एका संस्थेची रांग दिसली की शेजारच्या चांगल्या संस्थेतही लागते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मंदी अशी पसरते.

सोन्याचंही तेच. आपल्याकडं १९२९ नंतर शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, सारा मात्र रोख रुपयांत तेवढाच. इंग्रज सरकारनं रुपया १ शिलिंग ६ पेन्स या ब्रिटिश चलनाच्या दराला बांधून ठेवला आणि स्वतःचा खर्च कापला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सुवर्णमानक सोडल्यावर सोन्याला भाव आला, आणि खेड्यापाड्यातून दागिने निघून जहाजानं बाहेर गेले. ऑगस्ट २०२० मध्ये सोनेतारणाची मर्यादा किमतीच्या ७५ वरून ९० टक्के केली, ती याच दारावरची गर्दी बघून. जमाखर्च, तुम्ही सरकारची मजुरी म्हणता. निम्मी घरं त्याआधीच मंगळसूत्रावर चाललेली असतात.

जमाखर्च
गंगावेसताई, पतसंस्थेचा मुद्दा मानला. पण १९३० च्या दशकातलं एक विसरू नका. त्याच सरकारनं १९३२ मध्ये साखरेला आयातशुल्काचं संरक्षण दिलं. जावाची साखर आटली आणि देशातले कारखाने पाच वर्षांत तीसएकवरून १३० च्या पुढं गेले. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा साखर कारखाना त्याच दशकातला. म्हणजे मागणी देशात वळवली की कारखाना उभा राहतो, कर्ज न वाटता.

तिजोरी
आणि अमेरिकेनं जून १९३० मध्ये हेच केलं, तेव्हा इतर देशांनी उलट शुल्क लावली आणि जगाचा व्यापारच आकसला. साखर आपण आयात करत होतो म्हणून जमलं. कोल्हापूरचं कास्टिंग परदेशात जातं, त्याला हे औषध उलटं लागेल.

ओतकाम
आता माझी शेवटची बाजू. पहिला रुपया मजुरीत की कर्जात, यात अडकण्याआधी एक रुपया असा आहे जो कुणाचा नवा नाही. अडकलेली बिलं.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानं ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर भक्कम. पण पुढची ऑर्डर हवी असणारा तक्रार करत नाही. म्हणून आयकराच्या ४३बी(एच) कलमानं १ एप्रिल २०२४ पासून खरेदीदारालाच टोचणी लावली: मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच लागू, मध्यमला नाही. त्यामुळं मंदीत खरेदीदार मध्यम किंवा उद्यम नोंदणी नसलेल्याकडं वळण्याची भीती राहते.

खरा मोकळा रस्ता ट्रेड्सचा, म्हणजे छोट्या उद्योगांची येणी बँकांना विकायच्या ऑनलाइन बाजाराचा. खरेदीदारानं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे एक-दोन दिवसांत येतात, आणि खरेदीदार पुढं बुडाला तरी वसुली पुरवठादाराकडं येत नाही. तारण नाही, आणि विक्रेत्याच्या अंगावर नवं कर्जही नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करायची नाही. कंपनी नोंदणी करते आणि बिल तसंच पडून ठेवते. १५ दिवसांत आक्षेप आला नाही तर बिल मान्य धरायचं, एवढी एक ओळ नियमात घाला. माझ्या वरच्या हिशेबातले ३० लाख ९० दिवसांपुढं जाणारच नाहीत, रोख होऊन खात्यात येतील, आणि सरकारी तिजोरीतून एक पैसा जाणार नाही. मग उरलेला सरकारी पैसा खुशाल खर्चीवाल्याच्या मजुरीला द्या, माझी हरकत नाही.