मदत हवी आहे: जावई फुटबॉलचे असिस्टंट कोच, घर घ्यावं का?

कृष्णाकाठ
जावई अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचे असिस्टंट कोच आहेत. प्ले कॉलिंग तेच करतात म्हणे. यंदा टीम हरतेय आणि तिकडची मंडळी फेसबुकवर त्यांच्या नावानं शिमगा करतायत. लेकीनं घर बघून ठेवलंय, आम्ही थोडा हातभार लावणार आहोत, हो-नाही शुक्रवारपर्यंत कळवायचंय. प्रश्न साधा आहे. नोकरी टिकेल का? पुढे बढती असते का? लवकर सांगा. 'दुसरी नोकरी बघा' असले सल्ले नकोत.

मडगांवकार
काका, एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, कोचिंग लायसन्स कुठलं आहे? सी, बी, ए आणि मग प्रो अशी चढण असते. प्रो असेल तर आपल्या आयएसएल लीगमध्ये येऊ द्या, गोव्यात घरं मिळतात.

थर्ड_अँड_लाँग
मडगांवकार, तो फुटबॉल नव्हे हो. हा लांबट चेंडूचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, आणि दर प्रयत्नाला पळायचं की फेकायचं, कोणी कुठे धावायचं हे ठरवणं म्हणजे प्ले कॉलिंग. घड्याळात चाळीस सेकंद.
काका, कॉलेज कोणत्या डिव्हिजनचं, म्हणजे कुठल्या पातळीवर खेळणारं? करार किती वर्षांचा? हेड कोच किती वर्षं आहेत? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

कृष्णाकाठ
राज्य आयोवा. डिव्हिजन माहीत नाही, मैदान मोठं आहे, फोटो पाहिलाय. करार, पगार वगैरे जावयाला कसं विचारणार? होईल की नाही तेवढं सांगा.

थर्ड_अँड_लाँग
आयोवा म्हणालात, मग ब्रायन फेरेन्ट्झचं ऐकाच. आयोवा विद्यापीठाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आखणारे असिस्टंट कोच, तुमच्या जावयांचंच काम. हेड कोच कर्क फेरेन्ट्झ हे सख्खे वडील. २०२३ मध्ये पगार ९ लाखांवरून साडेआठ लाख डॉलर केला आणि करारातच लिहिलं: सामन्यागणिक सरासरी २५ गुण आणि किमान ७ विजय, नाहीतर रामराम. गंमत म्हणजे बचाव फळीनं केलेले गुणही त्यात धरणार होते. तरी सरासरी आली १५.४. हंगाम संपायच्या आधीच, ३० ऑक्टोबरला, 'पुढच्या वर्षी नाही' असं जाहीर झालं. आणि टीम? १० जिंकली, ४ हरली. बाप हेड कोच, टीम जिंकतेय, तरी नोकरी गेली.

हवाई_हल्ला
अर्धीच गोष्ट. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, पाचव्या सामन्यात गुडघ्यानं गेला, भरवशाचे टाइट एंड, म्हणजे चेंडू झेलणारे, तेही जायबंदी. गाढवं जुंपून शर्यत हरली की गाडीवानाला झोडायचं!
आणि आयोवातलंच दुसरं उदाहरण. १९८९ साली माउंट प्लेझंटच्या आयोवा वेस्लियनसारख्या चिमुकल्या कॉलेजात हॅल ममी हेड कोच आणि माइक लीच त्यांचा असिस्टंट. लीच वकिली शिकलेला, स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेला नाही. दोघांनी तिथे सारखं फेकत राहायचा 'एअर रेड' उभा केला. लीच पुढे केंटकी, ओक्लाहोमा करत २००० मध्ये टेक्सास टेकचा हेड कोच. जावयांना सांगा, फेका!

थर्ड_अँड_लाँग
फेकायला पोरं लागतात. आणि ती फिरती बघा. घर कुठल्या गावात घ्यायचं होतं लीचनं?

हवाई_हल्ला
तुम्ही आयोवाचे पंखे, तुम्हाला पंट मारण्यातच, म्हणजे लाथेनं चेंडू समोरच्यांना देऊन टाकण्यातच आनंद.

चिकट_हिशेबनीस
भांडा नंतर. काका, पैसे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली जातील, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर मर्यादा. भेट म्हणून १० लाख रुपयांवर जे जाईल त्यावर बँक २०% टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्नमध्ये वळतं होतं, पण तोवर अडकून पडतं. काकूंच्या खात्यातून निम्मे पाठवा.

देमॉइनची_वहिनी
रच्याकने, घर बघताना छत किती जुनं ते विचारा. इकडे आयोवात गारा पडतात. आमचं छत दोनदा झालं. तळघरात पाणी येतं का तेही बघा.

कृष्णाकाठ
छताचं कोणी विचारलं होतं का? असो, लेकीला कळवतो. तिच्याशी बोललो. हेड कोच या हंगामानंतर निवृत्त होतायत. करार दर जूनला नवा होतो. मुख्य प्रश्न राहिलाच.

थर्ड_अँड_लाँग
अहो काका!! हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता प्ले कॉलिंग चांगलं की वाईट हा मुद्दाच उरला नाही. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांपैकी एखाददुसराच राहतो. जायचं झालं तर डिसेंबरातच कळेल.

हवाई_हल्ला
किंवा जावईच हेड कोच होतील. आतल्या माणसाला बसवतात की.

थर्ड_अँड_लाँग
हरणाऱ्या टीमच्या, फेसबुकवर शिव्या खाणाऱ्याला? बसवत नाहीत असं नाही, पण त्यावर घर घेऊ नये. काका, नवा कोच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाचे प्रमुख, निवडतात. त्यांनी जावयांना काही बोलून दाखवलंय का, एवढंच लेकीकडून काढा. नसेल तर जानेवारीपर्यंत भाड्यानं राहू देत.

मडगांवकार
म्हणजे लायसन्स लागतच नाही?

कृष्णाकाठ
विचारतो. तिकडे आता रात्रीचे अडीच वाजलेत, सकाळी फोन करतो. हिशेबनीस, हिचं खातं सहकारी बँकेत आहे, चालेल का?

चिकट_हिशेबनीस
कुठली बँक, पॅन जोडलंय का?